देशाचे नाव आणि आपला ठराव

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या युवक मंडळाने एक ठराव सुचविला आहे. घटनेच्या पहिल्या कलमातील ‘इंडिया’ हे नाव वगळावे व देशाचे एकमेव नाव ‘भारत’ असावे, अशी विनंती आपल्या ट्रस्टने केंद्र सरकारला करावी, असा त्याचा आशय आहे. कारण असे दिले आहे की, प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांचे ज्येष्ठ पुत्र भरत चक्रवर्ती यांच्यावरून या भूमीस भारत हे नाव पडले आणि म्हणून या नावाचा आग्रह धरण्याचा पहिला अधिकार जैनांचा आहे. ठराव मतास टाकण्यापूर्वी या विषयाची माहिती सर्वांसमोर यावी, अशी विश्वस्तांची इच्छा. मी वकील नाही, प्राध्यापकही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर व कापडाचा व्यापारी. तरीही हे काम माझ्याकडे आले आहे, तेव्हा हिशेब मांडावा तसा मांडतो, आणि माझे मतही लपवून ठेवीत नाही. हा ठराव या स्वरूपात पाठवू नये, असे मला वाटते.

प्रथम घटनेचे पाहू. १९४८ च्या नोव्हेंबरात मसुदा घटनासमितीपुढे आला, तेव्हा पहिल्या कलमात केवळ ‘इंडिया’ हे नाव होते. सभासदांनी भारत, भारतवर्ष, हिंदुस्थान अशी नावे सुचविली आणि विषय पुढे ढकलला गेला. सुमारे दहा महिन्यांनी, १७ व १८ सप्टेंबर १९४९ रोजी, तो पुन्हा आला. १८ तारखेस रविवार होता, तरी सभा भरली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सुधारित कलम मांडले, त्यात ‘इंडिया’ च्या पाठोपाठ ‘म्हणजेच भारत’ असे शब्द घातले होते. मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांना हा क्रम मान्य नव्हता. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेत त्या देशाचे नाव आधी आयरिश भाषेत ‘एअरा’ असे दिले आहे आणि नंतर इंग्रजी भाषेत आयर्लंड. त्याच धर्तीवर ‘भारत, अथवा इंग्रजी भाषेत इंडिया’ अशी रचना कामतांनी सुचविली. भारत नको असेल तर ‘हिंद’ घ्या, असाही पर्याय त्यांनी दिला होता. जबलपूरचे सेठ गोविंददास यांनी पुराणांचे व ह्युएन त्संगच्या प्रवासवर्णनाचे दाखले दिले. कुमाऊंच्या डोंगराळ भागातून आलेले हरगोविंद पंत यांनी भारतवर्ष या नावाचा आग्रह धरला. कल्लूर सुब्बाराव यांनी तर, सिंधू नदी आता पाकिस्तानात वाहते, तेव्हा हिंदुस्थान हे नाव त्यांनाच शोभेल, असा मुद्दा काढला. भाषणे लांबू लागली तेव्हा बाबासाहेबांनी मध्येच उठून अजून पुष्कळ काम बाकी असल्याची आठवण करून दिली.

अखेर हात वर करून मते मोजली गेली. कामतांच्या दुरुस्तीच्या बाजूने ३८ व विरुद्ध ५१. ही दुरुस्ती अवघ्या तेरा मतांनी पडली, एवढेच आपण नेहमी ऐकतो. मला मात्र दुसरा आकडा बोचतो. दोन्ही मिळून ८९ हात. घटनासमितीचे सभासद तीनशेच्या आसपास होते. देशाच्या नावावर मत द्यायला त्या रविवारी एक तृतीयांशाहून कमी मंडळी हजर होती. यात कोणावर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. पण आज ज्या प्रश्नावर आपण तावातावाने बोलतो, तो त्या वेळच्या अनेकांना तितकासा जिव्हाळ्याचा वाटला नव्हता, एवढे यातून दिसते.

कामत हरले हेही अर्धेच खरे. घटनेच्या अधिकृत हिंदी पाठात क्रम उलटा आहे. तेथे भारत आधी येतो आणि इंडिया नंतर. म्हणजे कामतांना हवी होती तशी रचना हिंदीत झालीच. १९८७ च्या ५८ व्या घटनादुरुस्तीने घटनेचा हिंदी पाठ प्रसिद्ध करण्याची व त्याला अधिकृत दर्जा देण्याची तरतूद केली. हिंदीची मूळ हस्तलिखित प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली आणि त्यासाठी वापरलेला हातकागद आपल्या पुण्यात तयार झाला होता, हे मावळातील माणसाने अभिमानाने सांगावे असे आहे. इंग्रजी हस्तलिखितात नंदलाल बोस व शांतिनिकेतनातील त्यांच्या सहकाऱ्यांनी जी चित्रे काढली, त्यांत ध्यानस्थ भगवान महावीरांचे चित्र आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेलच.

आता भरत चक्रवर्तींकडे वळतो, कारण ठरावाचा सारा भार त्यांच्यावर आहे.

ऋषभपुत्र भरतावरून भारतवर्ष, ही केवळ आपलीच परंपरा नव्हे. विष्णुपुराण व श्रीमद्भागवत या दोन्ही वैष्णव ग्रंथांनीही हेच सांगितले आहे. ही गोष्ट आनंदाची आहे आणि ती आपण मुलांना सांगितलीच पाहिजे. त्याचबरोबर दुष्यंत-शकुंतलेच्या पुत्राची परंपरा आहे, कामतांनी सभागृहात तिचाच उल्लेख केला होता. इतिहासाचे अभ्यासक ऋग्वेदातील भरत नावाच्या जनांकडे बोट दाखवितात. तीन दावेदार झाले. शिवाय आपल्या आगमांतील भरतक्षेत्र म्हणजे आजचे गणराज्य नव्हे. जंबूद्वीपाच्या दक्षिणेस भरतक्षेत्र, त्याचे सहा खंड, उत्तरेस ऐरावत, मध्ये महाविदेह, आणि धातकीखंड व पुष्करार्ध धरून भरतक्षेत्रे एकंदर पाच, हे पाठशाळेतील मूलही सांगेल. त्या विराट रचनेला दिल्लीतील एखाद्या अर्जाच्या परिच्छेदात बसविणे म्हणजे अख्खा तागा रुमालाच्या मापाने मोजणे होय.

शिलालेखांचा पुरावाही पाहण्यासारखा आहे. भुवनेश्वरजवळच्या उदयगिरीवर कलिंगाधिपती खारवेलाचा हाथीगुंफा लेख आहे. हा राजा जैन. लेखाचा आरंभ अरहंतांना व सर्व सिद्धांना नमस्कार करून होतो. त्याच्या दहाव्या ओळीत ‘भरधवस’, म्हणजे भारतवर्ष, हा शब्द येतो. देशवाचक अर्थाने हा शब्द कोरलेला सापडतो तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास, एका जैन राजाच्या लेखात. आपली छाती फुगावी अशीच ही गोष्ट. परंतु लेख नीट वाचला तर खारवेलाने भारतवर्षावर स्वारी केली असे त्यात म्हटले आहे. राजा कलिंगाचा आणि स्वारी भारतवर्षावर. त्या काळी भारतवर्ष म्हणजे उत्तरेकडील एक प्रदेश, आणि कलिंग त्याच्या बाहेर, असाच त्याचा अर्थ निघतो. त्याआधीचा सम्राट अशोक आपल्या देशाला जंबुद्वीप म्हणतो. तेव्हा भारत हे नाव प्राचीन आहे यात शंका नाही, पण आजच्या हिमालय ते कन्याकुमारी एवढ्या देशाचे ते पहिल्यापासूनचे नाव होते, असे शिलालेख सांगत नाहीत.

खारवेलाच्या लेखाच्या आरंभी जो नमस्कार आहे, त्याचेच पहिले शब्द आपल्या मावळात कोरलेले आहेत. पाले गावाजवळच्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शोभना गोखले यांनी तेथील ब्राह्मी लेख वाचून प्रसिद्ध केला. लेख ‘नमो अरहंतानं’ ने सुरू होतो आणि इंदरखित नावाच्या भदंतांनी हे लेणे पाण्याच्या टाक्यासह करविले, असे तो सांगतो. अरहंत हा शब्द बौद्धही वापरीत, हे ध्यानात ठेवून बोलले पाहिजे. तथापि सांकलियांनी तो जैन लेख मानला, आणि तसे असेल तर महाराष्ट्रातील आपल्या अस्तित्वाचा सुमारे दोन हजार वर्षांचा दाखला आपल्याच तालुक्यात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे आहेत, तीही त्याच काळाच्या आसपासची. पाल्याचे भदंत आणि कार्ल्याचे यवन, दोघांनी याच सह्याद्रीच्या कड्यात दगड खोदविला.

यवनांचे नाव निघाले म्हणून ‘इंडिया’ या शब्दाकडे येतो. हे नाव इंग्रजांनी दिले, असे सर्रास म्हटले जाते. ते बरोबर नाही. आपली सिंधू, तिचे इराण्यांच्या तोंडी हिंदू झाले, दारयवहूच्या शिलालेखांत ‘हिंदुश’ असा प्रांत आहे, ग्रीकांनी ‘ह’ गाळून ‘इंडोस’ केले, आणि हिरोडोटसच्या ग्रंथात, म्हणजे इंग्रज नावाची जात अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी, हे नाव रूढ झाले होते. मूळ शब्द आपल्याच नदीचा. परदेशी फिरून उच्चार बदलून परत आला, इतकेच. माझ्या धंद्यातील एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्रान्समध्ये आपल्याकडच्या छापील सुती कापडाला ‘इंडियेन’ म्हणत. त्याची मागणी इतकी वाढली की तेथील विणकर अडचणीत आले, आणि १६८६ मध्ये राजाने त्या कापडावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. म्हणजे या नावाने जगभर पत मिळविली ती राज्यकर्त्यांमुळे नव्हे, आपल्या छिप्यांच्या व रंगाऱ्यांच्या हातामुळे. त्या नावाला गुलामीचा शिक्का म्हणताना माझी जीभ अडखळते.

आता दर्जाचा प्रश्न. नाव व दर्जा या दोन निरनिराळ्या बाबी आहेत आणि आपल्या चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी आपण स्वतंत्र झालो, पण २६ जानेवारी १९५० पर्यंत कायद्याने आपण अधिराज्य, म्हणजे डोमिनियन होतो. इंग्लंडचा राजा आपला घटनात्मक प्रमुख होता आणि त्याच्या वतीने गव्हर्नर जनरल काम पाहत असे. नाव इंडियाच. पुढे गणराज्य झालो, तेव्हाही नाव तेच राहिले, दर्जा मात्र समूळ पालटला. शेजारच्या भोर संस्थानातील रयत ८ मार्च १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या अमलाखाली होती. त्या दिवशी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तेथील शेतकऱ्याने गावाचे नाव बदलले नाही, देशाचे बदलले नाही, पण तो नागरिक म्हणून नव्या खात्यात जमा झाला.

याच्या उलट उदाहरण गोव्याचे. पोर्तुगीजांनी गोवा, दमण व दीव या आपल्या मुलखाला कोणते नाव दिले होते? ‘एस्तादो दा इंडिया’. इंडियाचे राज्य! म्हणजे १९५० नंतरही अकरा वर्षे इंडिया हे नाव अधिकृतपणे धारण करणाऱ्या दोन सत्ता या भूमीवर होत्या. वसाहती सोडा, असा जगाचा आग्रह वाढू लागला, तेव्हा पोर्तुगालच्या सालाझार सरकारने १९५१ मध्ये आपली घटना दुरुस्त केली आणि सर्व वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणण्यास सुरुवात केली. गोवा ही वसाहतच नाही, तो पोर्तुगालचाच एक प्रांत आहे, मग स्वातंत्र्य कसले द्यायचे, असा तो युक्तिवाद. कागदावर नाव फिरविले, गोवेकरांचे हाल तेच राहिले. सत्याग्रहींना तुरुंगवास चुकला नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पोर्तुगालने त्यास मान्यता दिली ती १९७४ च्या अखेरीस. नुसत्या नावाने काय साधते आणि काय साधत नाही, याचा इतका स्पष्ट धडा मराठी-कोकणी मुलखात दुसरा सापडणार नाही.

मग नावाला काहीच किंमत नाही काय? आहे, आणि ती व्यापाऱ्याला इतरांपेक्षा अधिक कळते. भागीदारीची पेढी फुटते तेव्हा दोन भाऊ मालाची, रोकडीची, जागेची वाटणी करतात. पण पेढीचे नाव एकाकडेच राहते. ज्याच्याकडे नाव, त्याच्याकडे जुनी गिऱ्हाइके, बाजारातील पत, आडत्याशी झालेले करार. आणि हेही लक्षात घ्या, जुनी देणीही त्याच्याच दारात येतात. १९४७ मध्ये नेमके हेच घडले. बॅ. जिनांची अपेक्षा होती की फाळणीनंतर उरलेल्या भागाने हिंदुस्थान म्हणवून घ्यावे. आपण इंडिया हे नाव ठेवले, याबद्दल त्यांनी त्याच वर्षी लॉर्ड माउंटबॅटन यांच्याकडे नाराजी कळविली होती. ती समजण्यासारखी आहे. नाव ठेवल्यामुळे संयुक्त राष्ट्रसंघातील जागा आपली राहिली, पाकिस्तानला ३० सप्टेंबर १९४७ रोजी नवा सभासद म्हणून प्रवेश घ्यावा लागला. जुने बहुतेक आंतरराष्ट्रीय करार आपल्याकडे राहिले. आणि सरकारी कर्जाची पहिली जबाबदारीही आपल्यावरच आली, पाकिस्तानने आपला वाटा आपल्याला द्यायचा होता. रोख शिलकेतून पाकिस्तानला जे ७५ कोटी द्यायचे ठरले होते, त्यातील उरलेल्या ५५ कोटींवरून जानेवारी १९४८ मध्ये किती क्लेश झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. ज्या नावाने आपण वारसा घेतला व देणीही पत्करली, ते नाव खोडायला सांगण्यापूर्वी वही उघडून पाहावी, असे मला वाटते.

देशांची नावे बदलत नाहीत असे मुळीच नाही. सिलोन २२ मे १९७२ रोजी गणराज्य झाले आणि त्याच दिवशी श्रीलंका झाले. नाव व दर्जा एकदम पालटले आणि लोकांनी ते स्वीकारले. तरीही चहा आजपर्यंत ‘सिलोन टी’ म्हणूनच विकला जातो, व्यापारी शहाणा असतो. ब्रह्मदेशात लष्करी राजवटीने १९८९ मध्ये इंग्रजी नाव म्यानमार केले, पण जनतेला विचारले नाही. त्यामुळे लोकशाहीवादी मंडळी कितीतरी वर्षे बर्माच म्हणत राहिली, आणि नावावरून माणसाचा पक्ष ओळखू येऊ लागला. ही दुसरी स्थिती आपल्याकडे येऊ नये, अशी माझी इच्छा आहे. २०२३ च्या सप्टेंबरात जी-२० परिषदेच्या भोजनाच्या निमंत्रणावर राष्ट्रपतींचा उल्लेख इंग्रजीत ‘प्रेसिडेंट ऑफ भारत’ असा छापला गेला. तेव्हा दोन-चार आठवडे आपल्या बाजारपेठेतही तेच झाले होते. कोण भारत म्हणतो आणि कोण इंडिया, यावरून चहाच्या टपरीवर गट पडले. संसदेच्या विशेष अधिवेशनात नावाचे विधेयक येणार, अशी आवई उठली. आले ते महिला आरक्षणाचे.

न्यायालयांनी या वादात पडण्याचे टाळले आहे. महाराष्ट्रातील एका सामाजिक कार्यकर्त्याने केलेली याचिका मार्च २०१६ मध्ये सरन्यायाधीश ठाकूर व न्यायमूर्ती लळित यांनी फेटाळली. ज्याला भारत म्हणायचे त्याने भारत म्हणावे, ज्याला इंडिया म्हणायचे त्याने इंडिया, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. जून २०२० मध्ये सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठानेही हस्तक्षेप केला नाही, ती याचिका निवेदन समजून सरकारकडे पाठविण्यास सांगितले. म्हणजे मार्ग एकच, कलम ३६८ प्रमाणे घटनादुरुस्ती. दोन्ही सभागृहांत एकूण सभासदसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश. राज्याचे नाव साध्या कायद्याने बदलते, म्हैसूरचे कर्नाटक व ओरिसाचे ओडिशा तसेच झाले. देशाच्या नावाला मात्र हा वरचा उंबरठा आहे.

आता मी ठरावाला विरोध का करतो, ते स्पष्ट सांगतो. भारत हे नाव घटनेत आहेच, आणि ते इंडियाहून तसूभरही खालचे नाही. आपल्या खिशातील नोटेवर ‘रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया’ व ‘भारतीय रिझर्व्ह बँक’ दोन्ही छापलेले असते, पासपोर्टवरही दोन्ही असतात. तेव्हा आपण काही मिळवायला निघालेलो नाही, दुसऱ्याचे खोडायला निघालो आहोत. कलमातील त्या ‘अर्थात’ या एका शब्दात मला तर अनेकांताचा वास येतो. एकाच वस्तूस दोन बाजूंनी दोन नावे, आणि दोन्ही खरी. हे दुसऱ्यांना शिकविणारे आपण, आणि तोच शब्द काढा म्हणून अर्ज करणारेही आपणच?

दुसरे असे की, आपली संख्या विसरू नये. २०११ च्या जनगणनेत जैन सुमारे साडेचव्वेचाळीस लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ०.३७ टक्के. घटनेच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात हिंदू या शब्दात जैनांचा समावेश केला आहे, त्याच घटनेच्या २९ व ३० व्या कलमांनी अल्पसंख्याकांना आपली संस्कृती व शिक्षणसंस्था जपण्याचा हक्क दिला आहे. आपले नेमके नाव काय व दर्जा काय, हा वाद आपणही अनुभवला. राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचना निघाली ती २७ जानेवारी २०१४ ला. त्यावर आपल्यातच दोन मते होती व आजही आहेत. पण दोन्ही मतांच्या लोकांनी आधार शोधला तो घटनेतच. इतक्या लहान समाजाने घटनेतील शब्द वगळण्याची मागणी करताना दहादा विचार करावा. आज आपण आपल्या ग्रंथाच्या आधारे एक शब्द काढायला सांगू, उद्या कोणी आपल्या ग्रंथाच्या आधारे दुसरा काढायला सांगेल, आणि तो शब्द आपल्या उपयोगाचा असू शकेल.

तिसरी गोष्ट श्रद्धेची आहे. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात, जे राष्ट्रकूटांच्या काळात, नवव्या शतकात रचले गेले, भरत चक्रवर्तींचा एक प्रसंग आहे. सहा खंड जिंकून चक्रवर्ती वृषभाचल पर्वतापाशी येतात. आपल्या दिग्विजयाची प्रशस्ती त्या कड्यावर कोरावी, ही त्यांची मनीषा. पाहतात तो काय, सारा कडा आधी होऊन गेलेल्या असंख्य चक्रवर्तींच्या नावांनी भरलेला. बोटभर जागा रिकामी नाही. त्यांचा अभिमान तेथे गळून पडतो. शेवटी कोणा एका पूर्वीच्या चक्रवर्तीचे नाव पुसून त्यांना आपले लिहावे लागते. युवक मंडळातील मित्रांनी ठराव लिहिताना ज्यांचे नाव पहिल्या ओळीत घातले, त्यांचीच ही कथा आहे. ती त्यांनी ऐकली नसेल असे मी म्हणत नाही. ठराव लिहिताना ती समोर असती तर मसुदा वेगळा झाला असता, असे मात्र वाटते.

आपल्या ट्रस्टचाच दाखला घ्या. पन्नास वर्षांपूर्वी आपली नोंदणी ‘मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०’ खाली झाली. २०१२ पासून त्या कायद्याच्या नावातील मुंबई जाऊन महाराष्ट्र आले. आपला नोंदणी क्रमांक तोच राहिला, हिशेबतपासणी तशीच, धर्मादाय आयुक्तांकडे पत्रक पाठविण्याची मुदतही तीच. बदल योग्य होता, त्याने कोणाचे काही हिरावले गेले नाही, म्हणून कोणी आक्षेपही घेतला नाही.

ठरावाऐवजी काय करावे, असे युवक विचारतील व त्यांनी विचारावेही. माझ्या सूचना साध्या आहेत. आपल्या ट्रस्टच्या मराठी व हिंदी कागदपत्रांवर, पावत्यांवर, पत्रिकांवर सर्वत्र ‘भारत’ लिहावे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पाठशाळेत सुट्टीच्या वर्गात एक दिवस घटनेची पहिली चार कलमे मुलांकडून वाचून घ्यावीत. त्यांत नावासोबत ‘राज्यांचा संघ’ हे शब्दही आहेत. आपल्या राज्यांनी आपसांत करार करून हा देश बनविलेला नाही, म्हणून कोणा राज्याला फुटून निघण्याचा अधिकार नाही, असे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात स्पष्ट केले होते. नावाच्या गदारोळात त्या शब्दांकडे कोणी पाहतच नाही. आणि तिसरी सूचना, पाल्याचे लेणे सर्वांनी एकदा पाहून यावे. खारवेलाच्या दाराशी उडिशात जाऊन आलेले आपल्यात पुष्कळ आहेत, पाल्यास गेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेथे नीट माहितीफलक असावा म्हणून पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करायचा असेल तर त्या ठरावावर पहिली सही माझी.

चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी पौर्णिमेनंतरचा एखादा रविवार ठरवावा. पावसाळ्यात त्या वाटेला जाऊ नये, दगड निसरडे असतात. लेणे लहान आहे, एका वेळी दहा-बारांहून अधिक माणसांनी आत गर्दी करू नये, आणि अक्षरांना हात लावू नये. वयस्करांनी काठी घ्यावी. ब्राह्मी अक्षरांची ओळख असलेली एखादी व्यक्ती पुण्याहून बरोबर नेता आली तर उत्तम, त्या खर्चाची व्यवस्था मी करीन.

जय जिनेंद्र.